जपानी वाचायचं, पण मराठीच्या वाटेनं

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी जालन्याचा, वय ४३. संभाजीनगरजवळ वाळूजच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. आमच्याकडे जपानी इंजिनिअर येतात, म्हणून सहा वर्षांपूर्वी जपानी शिकायला लागलो. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-३ पातळी पास झालो, तिच्या वरची एन-२ मात्र दोनदा राहिली. गेल्या वेळी १८० पैकी ९३ गुण पडले, पण वाचनात १७ च, म्हणून नापास. शब्द पाठ आहेत, इंग्रजीतली व्याकरणाची पुस्तकं दोनदा संपवली. तरी उतारा अर्ध्यावर असतानाच वेळ संपतो. मिटिंगमध्ये कळतं सगळं, बोलता येत नाही. क्लासचे सर म्हणाले, चाळिशीनंतर याच्या पुढे जाणं अवघड. घरीही विचारतात, आता हे कशाला? पुण्याला शनिवार-रविवारचा क्लास लावू का सोडून देऊ?
— एक वाचक, जालना

उत्तर : भाऊ, नमस्कार. सोडू नका. आणि पुण्याचा क्लासही एवढ्यात लावू नका. तुमचं दुखणं कुठं आहे ते तुमच्या पत्रातच आहे: इंग्रजीतली पुस्तकं दोनदा संपवली.

वयाचं आधी बोलते. माझे आजोबा कन्नड तालुक्यातले. निजामाच्या राज्यात कचेरीचा कारभार उर्दूत चालायचा. जमिनीच्या वादात स्वतःचे कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागतात हे त्यांना सहन झालं नाही, म्हणून पस्तिशी उलटल्यावर ते मौलवींपुढे पाटी घेऊन बसले. १९४८ साली निजामाचं राज्य गेलं, आजोबांची उर्दू शेवटपर्यंत राहिली. मी स्वतः जपानी सुरू केलं ३४ व्या वर्षी, दोन लेकरं शाळेत असताना. चाळिशीत पाठांतर मंदावतं हे खरं आहे. पण एन-२ च्या वाचनात तुम्ही अडलात ते पाठांतरामुळे नाही. तुमच्या सरांचं म्हणणं मनातून काढून टाका.

आता वाचनाचं. एन-२ ला शब्द, व्याकरण आणि वाचन मिळून १०५ मिनिटं असतात, वाचनाला वेगळी वेळ नसते. पास व्हायला एकूण ९० लागतात आणि प्रत्येक भागात किमान १९. तुम्ही ९३ काढले, म्हणजे भाषा येते आहे, वेग कमी पडतो आहे. तो का कमी पडतो? 'किनो जालना कारा किता हितो' एवढंच घ्या. काल, जालना, हून, आलेला, माणूस. काल जालन्याहून आलेला माणूस. शब्दाला शब्द, त्याच क्रमानं! इंग्रजीत हेच सांगायचं तर माणूस आधी, मग तो आला, मग जालन्याहून, मग काल. सगळं वाक्य उलटं फिरवावं लागतं. तुम्ही पुस्तकाच्या सवयीनं प्रत्येक ओळ इंग्रजीत फिरवता आणि मग मराठीत परत आणता. छोट्या वाक्यात हे खपून जातं. एन-२ च्या उताऱ्यात नामाआधी तीन तीन ओळींचं विशेषण असतं, तिथं दोनदा फिरवण्यातच वेळ जातो. मराठी माणसाला ते फिरवायची गरजच नाही. क्रियापद शेवटी येईपर्यंत वाट बघायची सवय आपल्याला जन्मापासून आहे.

ही गोष्ट मला कुठल्या पुस्तकानं शिकवली नाही. तेव्हा मी अजिंठ्याला गाइड म्हणून नवी होते. जपानच्या नारा भागातल्या एक आजी गटासोबत आल्या होत्या. पहिल्या लेण्यात पद्मपाणीच्या चित्रासमोर त्या थांबल्या आणि मंद उजेडात बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांच्या गावाजवळच्या होर्यूजी मंदिराबद्दल बोलू लागल्या. तिथल्या मुख्य दालनातल्या भित्तिचित्रांची तुलना जाणकार अजिंठ्याशी करतात. २६ जानेवारी १९४९ ला तिथं आग लागली. आजी तेव्हा लहान होत्या. त्या म्हणाल्या, 'याकेते शिमात्ता'. मी पुस्तकात शिकले होते की 'शिमाउ' म्हणजे क्रिया पूर्ण होणे. पण आजींचा आवाज काही पूर्ण झाल्याचा नव्हता. मला एकदम आतून मराठीत ऐकू आलं: जळून गेलं. नुसतं जळलं नाही, जळून गेलं. आपण हे 'गेलं' जिथं लावतो आणि ज्या दुःखानं लावतो, तसंच ते 'शिमात्ता' होतं. त्या दिवशी मी त्यांना उत्तर देऊ शकले नाही, नुसता हात धरला. पण घरी येऊन वही काढली आणि रात्री उशिरापर्यंत लिहीत बसले.

त्या वहीत काय निघालं बघा. 'ताबेते मिरु', खाऊन बघणे. 'मिरु' म्हणजे बघणेच. 'कात्ते ओकु', घेऊन ठेवणे. 'ओकु' म्हणजे ठेवणे. 'वासुरेते शिमाउ', विसरून जाणे. 'आमे गा फुरु सो दा', पाऊस पडणार म्हणे. आणि 'आमे गा फुरिसो दा', पाऊस पडेलसं दिसतंय. या दोन 'सो दा' मध्ये किती जण वर्षानुवर्षं गोंधळतात! 'म्हणे' हा शब्द ज्याच्या तोंडात रोज आहे त्यानं गोंधळायचं काही कारण नाही. तुमच्या एन-२ च्या पुस्तकातलं 'यासुमु वाके नि वा इकानाइ' घ्या: सुट्टी घेऊन चालणार नाही. तिथंही मुळात 'जाणे' हेच क्रियापद आहे, आपल्याकडे 'चालणे'. एक वही करा, तिच्यात इंग्रजीचा एक शब्द लिहायचा नाही. जुळणार नाही तिथं 'जुळत नाही' असं लिहा, पण आधी मराठीत शोधा.

कांजीला, म्हणजे चिनीतून आलेल्या अक्षरांना, मात्र ही वाट नाही, ते खोटं सांगणार नाही. रोजच्या वापरासाठी ठरवलेल्या २,१३६ कांजी आहेत आणि त्या हातानंच गिरवाव्या लागतात. एक आधार आहे. 'पाणी' या एकाच कांजीचे 'मिझु' आणि 'सुइ' असे दोन उच्चार का, हे आपल्याला समजू शकतं. आपणही पाणी पितो, पण सरकारी नोटिशीत जलवाहिनी फुटते. 'मिझु' हा मूळ जपानी शब्द म्हणजे पाणी, 'सुइ' हा चिनीतून आलेला उच्चार म्हणजे जल. जपानी अहवालात आणि वर्तमानपत्रात हे 'जल' वर्गातले शब्द दाटीनं येतात. म्हणून एन-२ ला ते आधी करा, आणि सुटे करू नका. तुमच्याच कारखान्याचे जुने जपानी दोष-अहवाल मागून घ्या. दोन महिने फक्त तेच वाचा. विषय तुमच्या हाताखालचा आहे, त्यामुळे डोळा पुढे सरकेल.

बोलण्याचं थोडक्यात. एन-२ काय किंवा एन-१ काय, या परीक्षेत बोलणं तपासतच नाहीत. त्यामुळे मिटिंगमधल्या अडखळण्याचा आणि नापास होण्याचा संबंध जोडू नका. जालना ते संभाजीनगर रोजचा प्रवास आहे ना? त्या दिवशीचा एक दोष, तो कुठं सापडला, कशामुळे झाला, काय केलं, एवढं जाताना हळू आवाजात जपानीत सांगा. महिनाभर रोज. मग मिटिंगमध्ये दुसऱ्या कुणाच्या आधी तुम्हीच बोला, कारण वाक्य तुमच्याकडे तयार असेल.

परीक्षा जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, डिसेंबरची धरा. तोवर हे वाक्य सोडवून मला कळवा: 'सेन्शू वाळूज नो कोजो दे मित्सुकात्ता किझु वा, कानागाता गा सुरिहेत्ते शिमात्ता तामे दा सो दा.' 'किझु' ओरखडा, 'कानागाता' साचा, 'सुरिहेरु' झिजणे. पहिल्या शब्दापासून सुरू करा, मागे वळू नका, आणि शेवटचा 'म्हणे' विसरू नका.