बायबलमध्ये ‘छडी आवरू नको’ असं आहे, मग लहान मुलांना न मारता शिस्त लावणं चुकीचं आहे का?

सलाम ताई,

तुमची मुलगी सहा वर्षांची, मुलगा साडेतीनचा. तो ताट ढकलतो, उपासनेत बाकाखाली शिरतो. सासरे बायबलमधल्या नीतिसूत्रे या पुस्तकातलं वचन काढून दाखवतात, नवरा हात उगारतो, आणि तुम्हाला मारवत नाही. आपण वचन मोडतोय का, हा तुमचा प्रश्न. मी बाप आहे आणि मी मुलाला मारलेलं आहे, म्हणून उत्तर द्यायला बसलो.

आमच्याकडे फ्रिजवर एक लाकडी फुटपट्टी असायची. मोठा चार वर्षांचा होता. त्याने काही केलं की मी आधी वचन म्हणायचो, ‘जो आपली छडी आवरतो तो आपल्या मुलाचा वैरी होय’, आणि मग तळहातावर दोन फटके. वचन म्हटलं की मी रागाने मारत नाही अशी माझी खात्री व्हायची. एका रविवारी संडे स्कूलच्या बाईंनी मुलांना उत्तम मेंढपाळाचं, म्हणजे येशूचं, चित्र दाखवलं. खांद्यावर कोकरू, हातात काठी. बाकीची मुलं मेंढरं मोजत होती. माझ्या मुलाने विचारलं, “त्या मेंढराने काय केलं होतं?” बाईंनी उपासना सुटल्यावर मला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं, वर एक शब्द बोलल्या नाहीत. घरी येऊन मी फुटपट्टी फ्रिजवरून काढली आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा ते वचन नीट उघडून वाचलं.

नीतिसूत्रे १३:२४ मध्ये जिथे आपल्या मराठी बायबलमध्ये ‘छडी’ आहे, तिथे मूळ हिब्रू शब्द आहे शेवेट. हाच शब्द दावीद राजाच्या स्तोत्र २३ मध्ये येतो, आणि तिथे मराठीत तो ‘आकडी’ झालाय: ‘तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात.’ म्हणजे ज्या वस्तूने माझा मुलगा चळाचळा कापत होता, तीच दावीदाला धीर देणारी वस्तू! मी नगर जिल्ह्यातला. आमच्या रानात धनगर मेंढरं बसवायचे, त्यामुळे आकडी लहानपणापासून पाहिलेली. तिने ते बाभळीची फांदी खाली ओढायचे, शेंगा पाडायचे. मेंढरं उभ्या ज्वारीकडे वळली की धनगर काठी आडवी धरून वाटेत उभा राहायचा. ती आडवी काठी मी रोज पाहायचो. मेंढराला बदडताना मात्र मी त्यांना पाहिलेलं नाही. मारलेलं मेंढरू हाकेला येत नाही, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

सासऱ्यांना मात्र खोटं सांगू नका. नीतिसूत्रांत मारण्याचा उल्लेख आहेच, २३:१३ तर सरळ सांगतं की छडीने मारलंस तर तो मरणार नाही. मी ती वचनं पुसत नाही. पण त्याच अध्यायात पुढे बाप मुलाला मद्यप्यांच्या आणि खादाडांच्या संगतीत बसू नकोस असं सांगतो. ती बोलणी साडेतीन वर्षांच्या पोराशी चाललेली नाहीत. तिथे मुलासाठी जो हिब्रू शब्द आहे, नआर, तो पेटीतल्या तान्ह्या मोशेलाही वापरलाय आणि सतरा वर्षांच्या योसेफालाही. शिवाय नीतिसूत्रे म्हणजे अनुभवाचे बोल आहेत, नियमशास्त्र नव्हे. आणि नियमशास्त्रात, अनुवाद या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात, हट्टी व बंडखोर मुलाला नगराच्या वेशीवर नेऊन धोंडमार करायला सांगितलंय. ते कुठल्याही मंडळीत कुणी करत नाही. म्हणजे सगळेच आपण वचन ख्रिस्ताच्या उजेडात वाचतो, फक्त छडीपाशी आलो की थांबतो.

त्या उजेडात पाहिलं तर प्रेषित पौलाने इफिसकरांस पत्रात ६:४ मध्ये आज्ञा दिलीय ती आम्हा बापांना: ‘बापांनो, तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका.’ मुलांनी आज्ञा पाळावी हे त्याच अध्यायाच्या पहिल्या ओळीत आहे, ते आपण मुलांना पाठ करून घेतो. चौथी ओळ किती बापांना पाठ आहे? मला नव्हती.

आता दुसरी बाजू, कारण न मारणं म्हणजे मोकाट सोडणं नव्हे. १ राजे १:६ मध्ये अदोनीयाबद्दल एक वाक्य आहे, ते वाचून मला घाम फुटला होता. त्याच्या बापाने, म्हणजे दावीदाने, ‘तू असं का केलंस?’ असं विचारून त्याला कधीही दुखवलं नव्हतं. एली याजकानेही आपल्या मुलांना आवरलं नाही, आणि देवाने त्याचा जाब एलीला विचारला. आवरणं हे आईबापाचं कामच आहे.

आमच्या घरी ते असं चालतं. धाकटीने मागच्या महिन्यात चिडून वरणाची वाटी फरशीवर ओतली. मी खाली उकिडवा बसलो, तिच्या डोळ्यांच्या पातळीला, दोन्ही हात धरले आणि एकच वाक्य म्हटलं: “वरण सांडायचं नाही.” मग फडकं तिच्या हातात दिलं. तिने पुसलं कमी, पसरवलं जास्त. मी सोबत पुसलं. दुसरी वाटी लगेच मिळाली नाही, ती भाताबरोबर दही खाऊन उठली. ती रडली, मी तिथून हललो नाही. सगळं मिळून पंधरा मिनिटं गेली. फटक्याला पाच सेकंद लागले असते, आणि फरशी मी एकट्याने पुसली असती.

उपासनेतल्या बाकाखाली शिरण्याचं म्हणाल तर साडेतीन वर्षांचं मूल दीड तास बसू शकत नाही, तो हट्ट नाही. त्याला कडेच्या बाकावर घेऊन बसा, संदेश सुरू झाला की अंगणात नेऊन आणा. तिथे आपण मारतो ते बहुतेक वेळा शेजारचे बघतात म्हणून. प्रभूने तर शिष्यांनी दटावलेल्या बाळांना जवळ घेतलं, आणि रागावला तो शिष्यांवर.

एक कळकळीची विनंती. “येशू बघतोय, तो शिक्षा करील” असं मुलांना सांगू नका, आणि शिक्षा म्हणून वचन पाठ करायला किंवा लिहायला लावू नका. मी वचन आणि फटका एकत्र दिला, त्यामुळे माझ्या मुलाला काठीचा उल्लेख असलेलं स्तोत्र २३ सुद्धा नकोसं झालं होतं. ते परत गोड व्हायला दोन वर्षं गेली. रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेत मी त्याच्यासमोर त्याची माफी मागितली. बापाने माफी मागितली तर धाक जाईल असं वाटत होतं. तसं झालं नाही. आता तो स्वतःहून सांगतो, पप्पा, आज मी खोटं बोललो.

सासऱ्यांशी मुलांसमोर वाद घालू नका, त्यांचा मान राहू द्या. आधी नवऱ्याशी बोला, मुलं झोपल्यावर, आणि सगळे अध्याय त्यांनाच वाचायला द्या. मग ते आपल्या वडिलांशी बोलतील. मारणं थांबवल्यावर पहिले दोन-तीन आठवडे मुलगा जास्त ताणून पाहील, ताट जास्त वेळा ढकलेल. आमच्याकडेही तसंच झालं. तेव्हा सासरे म्हणतील, बघ, सांगितलं होतं. तेवढे आठवडे तुम्ही दोघं एकमेकांच्या बाजूने उभे राहा.