दुसऱ्यांदा चालवला की रिपोर्ट कोरा

प्रश्न : आमचा एएस/४०० (आयबीएमचा व्यावसायिक कंप्यूटर) वरचा आरपीजी या भाषेतला जुना प्रोग्रॅम विक्रीचा मासिक रिपोर्ट काढतो. रेकॉर्ड निवडायला सीएलमध्ये (त्या मशीनच्या कमांडांच्या भाषेत) ‘ओपन क्वेरी फाइल’ ही कमांड आहे. साइन-ऑन केल्यावर पहिला रिपोर्ट भरलेला येतो, दुसरा कोरा. शिवाय फेब्रुवारी २०२४ च्या रिपोर्टात जुलै २०२३ ची बिलं दिसली. सगळं एसक्यूएलमध्ये (डेटाबेसच्या प्रश्नभाषेत) नव्याने लिहावं का?

उत्तर : लिहा, पण आधी आहे ते दुरुस्त करा. तारखेची चूक तरी एसक्यूएलमध्येही तुमच्या मागे येणार.

ओपन क्वेरी फाइल निवडलेल्या रेकॉर्डांची वाट उघडून ठेवते आणि आरपीजी प्रोग्रॅम त्याच वाटेने वाचतो. वाचून झालं तरी ती वाट उघडीच राहते, जागा मात्र फाइलीच्या शेवटी. दुसऱ्या फेरीत कमांड ‘हे आधीच उघडलेलं आहे’ असा एरर देते. तो तुम्हाला दिसला नाही, म्हणजे खाली सीपीएफ०००० चा सरसकट मॉनमेसेज (सिस्टिमचे एरर गुपचूप गिळणारी कमांड) असणार; जॉब लॉग उघडा, तिथे सापडेल. मग पहिल्याच रीडला एंड ऑफ फाइल, आणि हाती नुसतं हेडिंग. प्रोग्रॅमच्या कॉलखाली क्लोज फाइल आणि डिलीट ओव्हरराइड (ओव्हरराइड म्हणजे प्रोग्रॅमने फाइल कशी उघडायची ते बदलणारी कमांड) हवंच, प्रोग्रॅम मध्येच पडला तरी. तो सरसकट मॉनमेसेज काढून टाका.

याच्या उलटा प्रकार मला जास्त घातक वाटतो. मी नवी होते तेव्हा ओव्हरराइडमध्ये ‘शेअर येस’ (आधी उघडलेली वाटच वापर, ही सूचना) द्यायचं राहून गेलं. प्रोग्रॅमने फाइल स्वतंत्रपणे उघडली, निवड बाजूलाच राहिली आणि सकाळी प्रिंटरपाशी सगळ्या वर्षांच्या बिलांचा गठ्ठा. एरर कुठेच नाही. गठ्ठा जाड होता म्हणून कळलं. चार पानंच जास्त असती तर तो आकडा तसाच पुढे गेला असता. तेव्हापासून रिपोर्टाच्या शेवटच्या ओळीत मी मागितलेल्या तारखा आणि प्रत्यक्ष रेकॉर्डांतली सर्वांत जुनी व सर्वांत नवी तारीख छापतेच. (प्रोग्रॅम आयएलई, म्हणजे नव्या धाटणीचा, असून स्वतःच्या ॲक्टिव्हेशन ग्रुपमध्ये, म्हणजे जॉबमधल्या वेगळ्या कप्प्यात, चालत असेल तर शेअर येस असूनही असंच होतं. मग ओव्हरराइड आणि ओपन, दोन्हींचा स्कोप (व्याप्ती) जॉब ठेवा.)

आता जुलैची बिलं. तुमच्या फाइलीत तारीख दिवस-महिना-वर्ष अशी सहा आकडी असावी. ०१०२२४ ते २९०२२४ ही तुमची मर्यादा. १५ जुलै २०२३ म्हणजे १५०७२३. आकडा म्हणून तो बरोबर मधे बसतो. मशीनचं काही चुकलं नाही. तात्पुरता इलाज म्हणजे ओपन क्वेरी फाइलच्या मॅप फील्डमध्ये (तिथेच घडवलेल्या नव्या फील्डमध्ये) तारखेचे आकडे अक्षरांत बदलून शेवटचे चार ‘०२२४’ शी जुळवणं. संपूर्ण फाइल चाळली जाईल, पण उत्तर खरं येईल. कायमचा इलाज म्हणजे वर्ष-महिना-दिवस अशी आठ आकडी तारीख आणि तिच्यावर इंडेक्स.

निवडीचा आणखी एक मार्ग म्हणजे सिलेक्ट-ओमिटची लॉजिकल फाइल (निवडीच्या अटी आधीच लिहून ठेवलेली फाइल), पण तीत अटींची मूल्यं कंपाइल करतानाच पक्की होतात. ‘फक्त चालू खाती’ला ठीक, बदलत्या तारखांना नाही.

नवा रिपोर्ट मात्र आरपीजीतल्या एसक्यूएलमध्येच लिहा. तारखा होस्ट व्हेरिएबलने (प्रोग्रॅममधल्याच व्हेरिएबलने) सरळ अटीत जातात. ओपन क्वेरी फाइलसारखी अवतरणचिन्हं जोडत बसायला नको, ओव्हरराइडही नको. हिशेब बंद झालेल्या एखाद्या महिन्यावर दुरुस्त केलेला जुना आणि नवा असे दोन्ही चालवा. बिलांची संख्या आणि एकूण रक्कम पैशापर्यंत जुळली की मगच जुना बंद करा.