पोर कुठं अडलंय?

प्रिय मुली,

तुझा लांबलचक मेसेज दोनदा वाचला. ग्रामपंचायतीनं शाळेला स्मार्ट टीव्ही दिला, नारळ फुटला, फोटो ग्रुपवर गेले. आता तिसरी-चौथीची पोरं हाताची घडी घालून कवितांचे व्हिडिओ बघतात, संपला की ‘मॅडम, दुसरा लावा’ म्हणतात, आणि वहीत मात्र काही उतरत नाही. एवढं सगळं लिहून शेवटी तुझा प्रश्न, ‘बाई, कोणतं ॲप चांगलं?’

याचं उत्तर मी देणार नाही. तूच सांग, तुझ्या चौथीत कोण कुठं अडलंय? नावानिशी सांग. तुझ्या मेसेजात टीव्ही किती इंची ते आहे, कोणत्या कंपनीचा ते आहे, पोराचं नाव एकाचंही नाही. पोर कुठं अडलंय ते आधी बघायचं, मग हातात काय घ्यायचं ते ठरवायचं. माझ्याकडं सांगण्यासारखं एवढं एकच आहे आणि ते मी या पत्रात चार वेळा सांगणार आहे. कंटाळा आला तरी वाच.

स्वतःला नालायक म्हणून घ्यायचं मात्र बंद कर. अमेरिकेत ॲपल कंपनीनं 1985 पासून काही शाळांच्या वर्गांत संगणक दिले आणि शिक्षकांचं पुढं काय होतं ते वर्षानुवर्षं पाहिलं. त्यातून शिक्षकाच्या वाटेच्या पाच पायऱ्या मांडल्या गेल्या. आधी यंत्राशी झटापट, मग जुनंच काम नव्या यंत्रावर, मग तेच काम भराभर, मग यंत्र अंगवळणी पडणं आणि शेवटी स्वतःचं काही नवं. म्हणजे तिथले शिक्षकही आधी फळ्यावरचंच पडद्यावर नेत होते. तू दुसऱ्या पायरीवर आहेस. यात रडायचं काय? रडायचंच तर एवढ्यासाठी रड, की आपल्याकडं दुसऱ्या पायरीवरच शाल-श्रीफळ मिळतं आणि मग पुढं चढायची कुणाला गरज वाटत नाही.

आता अडणं म्हणजे काय ते सांगते. चौथीतल्या प्रत्येकाला ‘पर्वत’ वाचायला लाव. ‘परवत’ वाचणाऱ्याची फार काळजी नको. ‘पवरत’ वाचणारं पोर अडलेलं आहे. त्याला दिसतं ते असं : प, मग व, आणि व च्या डोक्यावर काहीतरी. डोळा आधी व वर पडतो म्हणून ते व आधी म्हणतं. रफार म्हणायचा आधी आणि लिहायचा नंतर, हे मी फळ्यावर अनेक वर्षं सांगत आले. पोरं नियम घडाघडा म्हणायची आणि पुढच्या ओळीत ‘सूयर’ वाचायची.

मग एका पोराच्या हातात माझा मोबाइल दिला, मराठी कळफलक उघडून. प दाबला. र दाबला, र चा पाय मोडला. पुढं व दाबला, आणि तो पाय मोडलेला र टुणकन व च्या डोक्यावर. पोरगं ओरडलं, ‘बाई, र उडाला!’ पुसलं, परत लिहिलं, परत उडाला. मग सूर्य, मग गर्दी, मग घरच्या बैलाचं नाव, सर्जा. मोबाइलला अक्षरं म्हणायच्या क्रमानं द्यावी लागतात आणि तो ती लिहायच्या क्रमानं दाखवतो. पोर नेमकं याच दोन क्रमांच्या मधे अडलं होतं. फळ्यावर र उडत नाही, म्हणून तिथं मोबाइल लागला.

याला इंटरनेट लागलं नाही, लोकवर्गणी लागली नाही. आणि याचा फोटो काढून ग्रुपवर टाकण्यासारखंही काही नव्हतं, एक पोरगं मोबाइलात डोकं घालून बसलंय एवढंच. त्याच्या शेजारच्या मुलीला रफार येत होता, तिची अडचण हातच्याच्या वजाबाकीत होती. तिला मोबाइल दिला नाही, काड्यांचे गठ्ठे सोडायला दिले. एकाच वर्गात, एकाच तासाला. ‘तंत्रज्ञानाचा तास’ असं वेळापत्रकात लिहिलंयस ना, ते खोड.

तू परितेवाडीच्या डिसले सरांचं नाव काढलंस. 2020 सालचा ग्लोबल टीचर प्राइझ, दहा लाख डॉलर, त्यातले निम्मे उरलेल्या नऊ शिक्षकांना वाटले, हे सगळ्यांना पाठ आहे. क्यूआर कोडही पाठ आहे. पण तिथं अडलं होतं काय? मुलींची घरची भाषा कन्नड आणि पुस्तकाची वेगळी. सर आधी कन्नड शिकले, पुस्तकं मुलींच्या भाषेत आणली आणि त्यात कोड घातले. बघणाऱ्यांनी त्यातून काय उचललं? चौकोन. साताऱ्याच्या कुमठे बीटमध्ये, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटात, ज्ञानरचनावादाचं, पोर स्वतःच्या अनुभवातून शिकतं या विचाराचं, काम उभं राहिलं तेव्हाही हेच झालं. राज्यभरातून शिक्षक गाड्या करून बघायला गेले, मीही गेले. परत येऊन गावोगाव वर्गाच्या फरश्या ऑइलपेंटनं रंगल्या. तिथल्या बाई पोराशेजारी मांडी घालून त्याचं कुठं अडलंय ते ऐकत होत्या, पण ते काही फरशीवर रंगवता येत नाही.

तुला वाटत असेल, बाईंना आता बोलायला काय जातं. माझ्या वेळचं ऐक. 22 जून 2015 च्या शासन निर्णयानं ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. प्रत्येक मूल शिकलं पाहिजे हा त्याचा गाभा. आमच्यापर्यंत पोचेपर्यंत त्याचा फ्लेक्स झाला. आमच्या केंद्रातली, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातली, एकेक शाळा ‘डिजिटल शाळा’ म्हणून पाटी लावत गेली. कुणाचा प्रोजेक्टर कपाटात, कुणाचं मीटर बिल थकल्यामुळं तोडलेलं, पाटी मात्र दारावर. मी लावली नाही. शिक्षण परिषदेत उभं करून विचारलं गेलं, कारणं दाखवायची नोटीस आली. आधी लाइट बिल कोण भरणार ते सांगा, मग पाटी लावते, असं लिहून दिलं. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ म्हणून यादी झाली, तीत माझं नाव नव्हतं. र उडवणारी मी!

त्या भांडणात शाळेचा संगणक काही वर्षं लांबला, हेही खरं. शेजारच्या शाळांना मिळाले, आम्हाला नाही. लोक अजून म्हणतात, बाईंच्या हट्टापायी पोरांचं नुकसान झालं. मला ते पटत नाही. धूळ खात पडलेल्या संगणकानं कुणाचं काय भलं केलं? तरी त्या वर्षांतली सातवी होऊन गेलेली मुलं बाजारात भेटली, की मी हा विषय काढत नाही. असो.

आपल्या बीडमधल्या पाटोद्याकडं तर सगळ्यात जास्त अडलेलं पोर टीव्हीच्या समोर बसतच नाही. ते दिवाळीच्या सुमाराला आई-बापाबरोबर ट्रॅक्टरमध्ये बसून ऊसतोडीला कारखान्यावर जातं आणि मार्च-एप्रिलात परत येतं. हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहिलेली पोरं शाळेत असतात, बाकीची कोप्यांवर, ऊसतोड्यांच्या झोपड्यांत. त्यांच्यासाठी मी काय केलं, तर साधा व्हॉइस मेसेज. रात्री बाप उसाच्या फडातून आला की फोन पोराच्या हातात येतो, तेवढा वेळ आपला. पुस्तकातला एक परिच्छेद मी वाचून पाठवायचे, पोरानं तोच वाचून परत पाठवायचा. त्याचा आवाज त्यालाच ऐकायला लावला की कुठं अडखळलो ते बहुतेक वेळा तेच सांगतं. मागून कुत्री भुंकतात, भांडी वाजतात, ऐकू येतं तेवढं पुरतं. तुझ्या पटावरची किती पोरं यंदा जाणार? त्यांचे नंबर घेतलेस का? टीव्हीचा रिमोट कुठं ठेवायचा याची चर्चा शाळा व्यवस्थापन समितीत झाली म्हणतेस, मग या पोरांच्या आई-बापांचे नंबर जमवायचीही होऊ दे.

टाचण, म्हणजे रोजच्या पाठाची तयारी, चॅटजीपीटीकडून लिहून घेतेस, हे तू अपराध कबूल केल्यासारखं लिहिलंयस. माझी काही हरकत नाही. माझ्या टाचणवह्या मी बाजाराच्या आदल्या रात्री पुऱ्या करायचे, त्याही कुणी वाचल्या नाहीत. पण ‘पवरत’ कोण वाचतं ते त्याला ठाऊक नाही. ते तू सांगशील तर तो त्या पोरापुरते रफाराचे वीस सोपे शब्द देईल, तेही तपासून घे, मधेच ‘प्रकाश’ घुसवेल. प्रकाशातला र वेगळा, तो खाली तिरका बसतो. पोर कुठं अडलंय हे यंत्राला आपणच सांगायचं असतं. उलटं होत नाही.

टीव्ही परत कर असं मी म्हणत नाही. तुझा मोबाइल त्याला जोड आणि पोराच्या वहीचं पान त्यावर मोठं करून दाखव, त्याला विचारून, नाव झाकून. गणित चुकलेलं असू दे. नेमक्या कुठल्या ओळीत गाडी घसरली ते वर्गाला शोधू दे. दीक्षा या सरकारी ॲपवरचा व्हिडिओ लावायचाच असेल तर घरी रेंजमध्ये डाउनलोड करून आण, म्हणजे वर्गात गोल फिरणारं चक्र बघत बसावं लागणार नाही. आणि तो दीड मिनिटाला थांबव. ‘पुढं काय होईल?’ विचार. पोरं हाताची घडी आपोआप सोडतात.

येत्या शनिवारपर्यंत मला अडलेल्या पोरांची यादी पाठव, नाव आणि अडलेली जागा, बस. ॲपची नावं पाठवलीस तर मी वाचणार नाही. केंद्रप्रमुखांना हवा असलेला नवोपक्रमाचा अहवाल मात्र तुझा तू लिही. ते काम मला कधी जमलं नाही आणि या वयात शिकायचीही इच्छा नाही.

तुझी,
बाई