विकसनशील देश विकासासाठी भांडवल आणतात कुठून? सगळं जागतिक बँकेच्या कर्जावरच चालतं का?

जागतिक बँकेचा भाग आधी घेतो, कारण तो समज फार पक्का बसलाय. भारतापुरतं बोलायचं तर, नाही. बहुतेक पैसा घरातलाच असतो.

माझी आई पोस्टाची अल्पबचत एजंट होती. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात चाळीत फिरून कुणाचे पन्नास, कुणाचे शंभर गोळा करायची आणि आरडीच्या पासबुकांचा गठ्ठा कापडी पिशवीत घालून पोस्टात भरून यायची. बेरीज तपासायचं काम माझ्याकडे. त्या पैशाचं पुढे काय होतं, हे मला फार उशिरा कळलं. सरकार तो उसना घेतं, आणि त्यातला मोठा वाटा तेव्हा राज्यांना कर्ज म्हणून जायचा. म्हणजे आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशी सरकारच्या सावकार होत्या, फक्त त्यांना पत्ता नव्हता! बँकेतल्या ठेवींचंही तसंच. त्यांचा ठरावीक हिस्सा बँकांना सरकारी रोख्यांत (रोखा म्हणजे कर्ज घेणाऱ्याने दिलेला, व्याजासह फेडीचं वचन असलेला कागद) वगैरे ठेवावाच लागतो. 1990 च्या सुमारास हा हिस्सा तब्बल 38.5 टक्के होता.

देश आपल्या उत्पन्नातलं साधारण 30 टक्के बाजूला टाकतो. बाहेरून येणारी निव्वळ भर बहुतेक वर्षी एक-दोन टक्क्यांचीच.

कोकण रेल्वे बघा. 1990 मध्ये महामंडळ काढलं, रेल्वे आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ या चार राज्यांनी भागभांडवल घातलं आणि उरलेला बहुतेक पैसा रोखे विकून देशातच उभा केला. 1998 मध्ये गाडी धावली. फुकट मात्र काही नव्हतं, त्या व्याजाखाली महामंडळ पुढे बरीच वर्षं वाकलेलं होतं.

मग परदेशी पैसा लागतोच कशाला? कारण आईने गोळा केलेले होते रुपये, आणि तेल, यंत्रं, सुटे भाग यांची बिलं येतात डॉलरमध्ये. 1991 मध्ये अडलं ते इथेच. दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतेच डॉलर उरले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने सुमारे 47 टन सोनं तारण ठेवून 40 कोटी डॉलर उचलले. घरात पोरीच्या फीसाठी पाटल्या गहाण टाकाव्यात, तसंच. (सोनं त्याच वर्षी सोडवलंही.)

डॉलर मिळवण्याचे मार्ग ठरलेले आहेत: निर्यात, परदेशी कंपन्यांची गुंतवणूक, कर्ज. चौथा लोक विसरतात. आखातात गेलेला रत्नागिरीचा माणूस घरी पैसे पाठवतो ना, तो. भारतात असा पैसा आता वर्षाला 100 अब्ज डॉलरच्या वर येतो, थेट परदेशी गुंतवणुकीपेक्षा जास्त. आणि तो परत करावा लागत नाही.

कर्जात नुसता व्याजदर बघू नका. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी जपानने खर्चाच्या 81 टक्के रक्कम 0.1 टक्का व्याजाने, 50 वर्षांच्या मुदतीने देऊ केली. ऐकायला जवळजवळ फुकट. पण फेड येनमध्ये करायची आहे आणि तिकिटं रुपयांत विकायची आहेत. पन्नास वर्षांत येन कुठे असेल, हे कुणी सांगावं? शिवाय अशा कर्जाबरोबर तंत्रज्ञानही देणाऱ्याचंच घ्यावं लागतं.

श्रीलंकेचं याच फरकावर बिनसलं. सगळे चीनकडे बोट दाखवतात, पण त्यांच्या परदेशी कर्जातला सर्वांत मोठा तुकडा होता बाजारात विकलेल्या डॉलर रोख्यांचा. कर्ज डॉलरमध्ये, आणि बांधलेले रस्ते, विमानतळ कमावणार रुपये, तेही कमावले तर. 2019 च्या बॉम्बस्फोटांनी आणि मग कोविडने पर्यटक थांबले, म्हणजे डॉलरचा नळच बंद झाला. एप्रिल 2022 मध्ये त्यांनी परदेशी कर्जाची फेड थांबवत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा कोलंबोत पेट्रोलसाठी रांगा लागलेल्या होत्या.