देवदूताने आधी भाकर आणली

अगं बाळा, तुझं लिहिलेलं काल रात्री वाचलं आणि झोप लागेना. सासूबाईंना अर्धांगवायू होऊन आठ महिने झाले, उजवी बाजू गेली, वाचा गेली. पहाटे पाचला उठून त्यांचं सगळं उरकून तू बँकेत जातेस. रात्री बायबल उघडलं की डोळे मिटतात. संडे स्कूलचा वर्ग सुटला, रविवारची उपासनाही सुटत चालली. आणि चर्चच्या मंडळीतल्या बहिणी म्हणतात, विश्वास कमी पडतोय, प्रार्थना वाढव. अशात प्रभूकडून उभारी कशी मिळवायची, असं विचारलंयस.

त्या बहिणींचं वाक्य आधी बाजूला ठेव. आणि बायबलमधल्या '1 राजे' या पुस्तकाचा 19वा अध्याय काढ. सगळा नको, पहिल्या आठ ओव्याच वाच. कर्मेल डोंगरावर स्वर्गातून अग्नी उतरलेला ज्याने पाहिला, तो संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या एका धमकीने खचला. रानात एक दिवसाची वाट चालून झुडपाखाली बसला आणि म्हणाला, आता पुरे, माझा प्राण घे. देवाने त्याला काय सुनावलं? काहीच नाही. त्याला झोपू दिलं. देवदूताने हात लावून उठवलं तेव्हा उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर होती आणि पाण्याचा कुजा होता. तो जेवला आणि परत झोपला! देवदूत दुसऱ्यांदा आला, पुन्हा खाऊ घातलं, वाट लांबची आहे म्हणाला. होरेब डोंगरावर देव मंद वाणीने त्याच्याशी बोलला, ते सगळं त्यानंतर, चाळीस दिवस चालल्यावर.

विश्वास कमी आहे असं त्याला कुणी म्हणालं नाही, हे मला या अध्यायात फार मोठं वाटतं. तू थकली आहेस. थकवा पाप नव्हे. प्रार्थना वाढव म्हणणाऱ्यांपैकी एकीला सरळ सांग, रविवारी दोन तास माझ्या सासूबाईंजवळ बसाल का? मागायला संकोच वाटेल, तरी माग. पाळकसाहेबांनाही सांग, घरी येऊन दोघींना प्रभूभोजन द्या. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी आपल्याकडे हे करतातच, पण कुणी सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसं? आणि झोप उडाली असेल, कारण नसताना रडू येत असेल, तर डॉक्टरांना दाखव. तीही देवाचीच सोय आहे.

आता माझं सांगते. माझ्या यजमानांनाही असाच झटका आला होता. उजवा हात-पाय गेला, बोलणं गेलं. मी शाळेत शिकवत होते. पहिलं वर्ष मी प्रार्थना केली ती फक्त बरं कर म्हणून, आणि रोज संध्याकाळी ते बरे झाले नाहीत एवढंच मला दिसायचं. एकदा गल्लीतल्या एक म्हाताऱ्या बाई भेटायला आल्या. चहा झाल्यावर त्यांनी सहज नारायण वामन टिळकांचं एक भजन धरलं, आपल्या 'उपासना संगीत' या गीतपुस्तकातलं. दुसऱ्या ओळीला यजमानांचे ओठ हलले. तिसऱ्या ओळीला आवाज आला, शब्दांसकट. ज्यांना 'पाणी' म्हणता येत नव्हतं, ते अख्खं कडवं गायले.

पुढे वाचोपचार करणाऱ्या बाईंनी समजावलं की बोलण्याचं केंद्र बहुतेकांच्या मेंदूत डाव्या बाजूला असतं, ते दुखावलं तरी पाठ असलेली गाणी कधीकधी शाबूत राहतात. कारण कळल्याने माझा आनंद कमी झाला नाही. बोलणं त्यांना पुढेही फारसं आलं नाही, खोटं सांगणार नाही. पण ते आणखी चार वर्षं होते आणि आम्ही रोज संध्याकाळी गायलो. टिळकांनी ख्रिस्ताची गाणी आपल्या अभंगांच्या चालीवळणावर रचली, म्हणून ती आपल्या माणसांच्या हाडीमासी भिनली. त्या दिवसांत मला त्या गाण्यांचा किती आधार झाला!

वाचनाचं म्हणशील तर अध्याय संपवायचा हट्ट सोड. स्तोत्र 13 सहाच ओव्यांचं आहे आणि सुरुवातच 'कोठवर?' अशी आहे. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी एकही आनंदाची ओळ नाही, तरी ते शास्त्रात ठेवलंय. तुझ्या रडण्यालाही तिथे जागा आहे. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत भाकर मागतो तीही रोजची. पुढच्या महिन्याची ताकद आज मिळत नाही, मागूही नकोस.

माझी एक सवय सांगते. कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहायचे, त्याच चौकोनात एक ओळ लिहायला लागले. 'आज पेला स्वतः धरला.' 'शेजारून भाजी आली.' कधी नुसतं 'झोप लागली'. काही चौकोन कोरे राहिले, ते तसेच ठेवले. वर्षअखेर कॅलेंडर उतरवताना सगळं वाचलं आणि भिंतीला टेकून कितीतरी वेळ बसून राहिले.

संडे स्कूल सुटलं म्हणजे सेवा सुटली असं लिहिलंयस, ते मला पटत नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुली, विधवा, अंध, म्हाताऱ्या, सगळ्यांना आसरा दिला. तिथे उपासना होती तशीच शेती, माग आणि छापखानाही होता. त्याच धबडग्यात त्या हिब्रू आणि ग्रीकवरून सोप्या मराठीत बायबल उतरवत होत्या, कमी शिकलेल्या बाईलाही कळावं म्हणून. 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली, पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या, आणि ते बायबल 1924 मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं. म्हाताऱ्या बाईचं अंग पुसणं आणि शास्त्र उतरवणं तिथे एकाच घरात चालायचं. तू सासूबाईंचं अंग पुसतेस ती सेवाच आहे.

तुझ्या सासूबाई गावाकडच्या, भजनात वाढलेल्या, असं तूच लिहिलंयस. उद्या सकाळी पाठीला तेल लावताना त्यांच्या माहेरच्या मंडळीत गायचे त्यातलं एखादं गा. चाल चुकली तरी चालेल. पहिलं कडवं तू म्हण, दुसऱ्याला थोडी थांब. ओठ हलतात का बघ आणि मला कळव.