दवाखाना चालू ठेवून मधुमेहात पीजी करायचं असेल, तर नाशिकच्या एमबीबीएस डॉक्टरने कोणता कोर्स घ्यावा?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: एमबीबीएस झालंय, सिडकोत स्वतःचा दवाखाना आहे, ओपीडीत साखरेचे पेशंट वाढतच चाललेत. दवाखान्याला कुलूप न लावता मधुमेहात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचंय. कोणता कोर्स घ्यावा, आणि पाटीवर 'डायबेटॉलॉजिस्ट' लिहिता येईल का?

पाटीचं आधी मिटवू. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत कलम ७.२० आहे. त्या शाखेची विशेष पात्रता नसेल तर डॉक्टरने स्वतःला तज्ज्ञ म्हणवून घेऊ नये, असं ते सांगतं. वर्षभराच्या सर्टिफिकेटला ती पात्रता समजून पाटी रंगवू नका. कोर्सचं पूर्ण नाव आणि संस्था लिहायला हरकत नाही. खाली 'मधुमेह तपासणी व उपचार' एवढं असलं की पेशंटला पुरतं.

पूर्ण अर्थाने तज्ज्ञ व्हायचं तर रस्ता लांबचा आहे. नीट-पीजी देऊन एमडी मेडिसिनची तीन वर्षं, मग नीट-एसएस देऊन एंडोक्रायनॉलॉजी म्हणजे संप्रेरकशास्त्र, त्यातल्या डीएम किंवा डीआरएनबी या अतिविशेष पदवीची आणखी तीन वर्षं. दवाखाना सांभाळून हे होत नाही, त्यामुळे तुमच्यापुरता तो विषय बाजूला ठेवतो.

उरतात तीन पर्याय. पहिला आपल्या गावातच आहे. म्हसरूळच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे फेलोशिप आणि सर्टिफिकेट कोर्स मान्यताप्राप्त रुग्णालयांत चालतात. पात्रता विषयागणिक बदलते, म्हणून ऐकीव माहितीवर न जाता त्या वर्षीची जाहिरातच वाचा. तिथे हजेरी खरोखर द्यावी लागते, पण प्रत्यक्ष वॉर्ड बघायला मिळतो. दुसरा पर्याय म्हणजे पब्लिक हेल्थ फाउंडेशन ऑफ इंडिया आणि चेन्नईची डॉ. मोहन्स डायबिटीस एज्युकेशन अकॅडमी यांचा, २०१० पासून चालणारा सर्टिफिकेट कोर्स. तो एमबीबीएस जनरल प्रॅक्टिशनरांना डोळ्यांसमोर ठेवूनच बांधलेला आहे: वर्षभर, महिन्यातून एक सत्र, बारा मॉड्यूल. तिसरा पर्याय ब्रिटिश विद्यापीठांचे ऑनलाइन पीजी डिप्लोमा. साधारण १२० क्रेडिटला डिप्लोमा, १८० ला एमएससी. पुरावा कसा वाचायचा, केस कशी मांडायची हे त्यांत उत्तम शिकवतात, कारण गुणच त्यावर असतात. पण त्या सगळ्या शिक्षणात तुमचा हात एकाही पायाला लागत नाही, आणि फी पौंडांत.

माझं मत सरळ आहे. मधुमेहातलं औषधशास्त्र घरी वाचून येतं. अमेरिकन डायबिटीस असोसिएशनची मार्गदर्शक तत्त्वं दर जानेवारीत नव्याने निघतात आणि फुकट वाचता येतात. 'आरएसएसडीआय' या आपल्याकडच्या संस्थेच्या शिफारशीही आहेत. वाचून येत नाही ते इन्सुलिनचं हातातलं काम, पायाची तपासणी, आणि रिपोर्ट खोटं बोलतोय हे ओळखणं. या तीन गोष्टी ज्येष्ठाच्या नजरेखाली करून घेणारा कोर्स चांगला, मग त्याचं नाव काही असो.

इन्सुलिनचंच घ्या. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा एका मिलीत ४० युनिटचं, पेनच्या काडतुसातलं १०० युनिटचं. लाल टोपीची सिरिंज ४० साठी, नारंगी टोपीची १०० साठी. केमिस्टने कुपीसोबत नारंगी टोपीची सिरिंज दिली आणि पेशंटने २० च्या रेषेपर्यंत भरलं, तर आत जातं ०.२ मिली, म्हणजे फक्त ८ युनिट. साखर उतरत नाही आणि डॉक्टर डोस वाढवत राहतात. उलटा घोळ जिवावरचा. पेन बिघडलं म्हणून काडतुसातलं इन्सुलिन लाल टोपीच्या सिरिंजने २० पर्यंत ओढलं, तर ०.५ मिली, म्हणजे ५० युनिट गेले. त्यामुळे चिठ्ठीवर युनिटसोबत सिरिंजचा प्रकारही लिहायचा, आणि पेशंटला दर भेटीत कुपी-सिरिंज पिशवीत घालून आणायला सांगायचं.

पेनमध्ये दोन युनिट हवेत सोडून थेंब दिसतो का ते बघायचं, टोचल्यावर दहापर्यंत मोजून मगच सुई काढायची. पोटावर रोज एकाच जागी टोचलं की चरबीची गाठ होते, ती दुखत नाही म्हणून पेशंटला तीच जागा आवडते, आणि तिथून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. ही गाठ डोळ्यांनी दिसेलच असं नाही, बोटांनी चाचपावी लागते. आणि सापडल्यावर जुनाच डोस निरोगी जागी द्यायला सांगितलात तर साखर एकदम खाली येईल. डोस कमी करूनच जागा बदला.

पायाला वेळ द्या. दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट (संवेदना तपासायचा नायलॉनचा दोरा), १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क आणि हाताने बघितलेली पायाची नाडी, एवढ्यावर तुमच्या टेबलापाशी काम होतं. पेशंटचे डोळे मिटलेले हवेत. अंगठ्याचा तळवा आणि पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या बोटामागची तळव्यावरची हाडाच्या उंचवट्याची जागा, तिथे दोरा वाकेपर्यंत दाबून सेकंदभर धरायचं. घट्ट्यावर दाबलं तर उत्तर चुकीचं येणार. एकच फिलामेंट दिवसभर वापरला तर तो सैल पडतो. साधारण दहा पेशंटनंतर त्याला चोवीस तास विश्रांती लागते, म्हणून दोन ठेवा. घोटा-दंड रक्तदाबाचं गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी आलं तर रक्तपुरवठा कमी हे सगळ्यांना पाठ असतं. पण मधुमेहात धमनी कडक झाली की ते १.३ च्या वर जातं, आणि 'छान आहे' म्हणून पेशंट घरी जातो. आपल्याकडे द्राक्षबागेत चपलेविना वावरणारे आहेत, श्रावणात ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा अनवाणी करणारेही आहेत. संवेदना गेलेल्या पायाला खडा टोचलेला कळत नाही. प्रदक्षिणेनंतरच्या आठवड्यात अशा प्रत्येकाचा मोजा काढून बघायचा, तक्रार असो-नसो.

रिपोर्टच्या बाबतीत एचबीएवनसीवर, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेच्या आकड्यावर, आंधळा भरवसा नको. लोह कमी असेल तर तो आकडा खोटा वाढतो. लाल पेशी लवकर मरत असतील किंवा नुकतंच रक्त चढवलं असेल तर खोटा कमी होतो. सुरगाणा, पेठ, कळवण भागातून पेशंट येत असतील तर सिकलसेल हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार मनात ठेवा. उपाशीपोटी १९०, जेवणानंतर ३०० आणि एचबीएवनसी ५.८ अशी जोडी दिसली की लॅबशी भांडण्याआधी हिमोग्लोबिन इलेक्ट्रोफोरेसिस (हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणारी तपासणी) मागवा, आणि पुढचा पाठपुरावा घरच्या ग्लुकोमीटरवर करा.

उपासाचं प्रकरण परदेशी अभ्यासक्रमात एका परिच्छेदात उरकतात, आपल्या ओपीडीत ते वर्षभर पुरतं. चतुर्थीला साबुदाण्याची खिचडी खाऊन साखर चढते. निर्जळी उपासाला ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी घेतल्यावर ती कोसळते. एसजीएलटी-२ गटातलं (लघवीवाटे साखर बाहेर टाकणारं) औषध चालू ठेवून नऊ दिवस फक्त पाण्यावर राहणाऱ्याला उलट्या सुरू झाल्या, तर साखर २०० च्या आत असली तरी कीटोन तपासा. आकडा बरा दिसतो म्हणून इथेच कीटोअ‍ॅसिडोसिसचं (रक्तात आम्ल साचण्याचं) निदान हुकतं. मालेगावकडचे पेशंट असतील तर रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी त्यांना बोलवा. सल्फोनिलयुरियाचा (ग्लिमेपिराइडच्या गटातल्या गोळ्यांचा) सकाळचा डोस इफ्तारला न्यायचा, दीर्घकाळ चालणारं इन्सुलिन १५ ते ३० टक्क्यांनी कमी करून इफ्तारलाच द्यायचं. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली की रोजा सोडायचा, हे घरातल्या माणसासमोर ठरवून घ्यायचं. बोटाला टोचल्याने रोजा मोडत नाही, हेही स्वतःहून सांगा, नाहीतर कोणी तपासत नाही.

आहाराच्या धड्यांतले ओट्स आणि ऑलिव्ह तेल सोडून द्या. तुमच्या पेशंटच्या ताटात बाजरीची भाकरी, भात, नागली आणि रविवारची मिसळ आहे. नागली चांगली म्हणून तिची पातळ आंबील ग्लासभर पिणाऱ्याची साखर भाकरी खाणाऱ्यापेक्षा लवकर चढते. मिसळीत मटकीची फारशी चिंता नाही, पावांची संख्या विचारा.

फी भरण्याआधी कोर्सवाल्यांना काय विचारायचं, तर प्रत्यक्ष पेशंटसमोर किती तास, इन्सुलिन सुरू करून तीन महिने पाठपुरावा केलेल्या केसेस मांडाव्या लागतात का, पायाच्या जखमेचं ड्रेसिंग दाखवतात का, डोळ्याचा पडदा आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर यांवर परीक्षा घेतात का. उत्तरात नुसती 'तज्ज्ञांची व्याख्यानं' आणि दीक्षान्त समारंभाचे फोटो आले तर पैसे वाचवा. मी तुमच्या जागी असतो तर पहिल्या वर्षी महिन्यातून एक सत्राचा कोर्स घेतला असता. सोबत आठवड्यातली एक दुपार एखाद्या एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या मधुमेह ओपीडीत परवानगी काढून बसलो असतो. ऑनलाइन डिप्लोमा त्यानंतर, तोही लेखन-संशोधनाची आवड असेल तरच.

कागदपत्रांत एकच अडचण हमखास येते. प्रवेशाला अनुभवाचा दाखला मागतात आणि स्वतःचाच दवाखाना असलेल्याला तो द्यायला कोणी नसतं. संस्थेला प्रतिज्ञापत्र चालतं का, हे अर्ज भरण्याआधी ईमेलवर लेखी विचारून ठेवा. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी मुदतीत आहे ना, तेही बघा. नूतनीकरणाला पाच वर्षांत ३० क्रेडिट तास लागतात, तेव्हा निवडलेल्या कोर्सला कौन्सिलचे क्रेडिट मिळतात का, हे त्याच ईमेलमध्ये विचारून टाका.