डार्विननंतर सिद्धांत बदलत गेला, म्हणजे मूळ सिद्धांत चुकीचा होता का?

उत्क्रांतीच्या सिद्धांतात पुढे इतके बदल झाले, तर डार्विन मुळातच चुकला असे का म्हणू नये, असे आपण विचारले आहे. पुण्यातील एका महाविद्यालयात मी बरीच वर्षे जीवशास्त्र शिकवले आणि हा प्रश्न बहुतेक प्रत्येक तुकडीत कोणी ना कोणी विचारलाच. माझ्या मते नैसर्गिक निवडीची कल्पना, म्हणजे परिस्थितीला साजेसे गुण असलेले जीव जास्त तगतात आणि जास्त संतती मागे ठेवतात ही कल्पना, टिकली. चुकली ती डार्विनची आनुवंशिकतेविषयीची समजूत, आणि ती चूक किरकोळ नव्हती.

१८५९ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा आई-वडिलांचे गुण संततीत एकजीव होतात असे सर्वसाधारणपणे मानले जाई. तसे असेल, तर एखाद्या प्राण्यात उपजलेला नवा उपयुक्त गुण हंडाभर पाण्यात पडलेल्या निळीच्या थेंबासारखा काही पिढ्यांत विरून जाईल आणि निवडीला निवडण्यासारखे काही उरणारच नाही. फ्लीमिंग जेन्किन या अभियंत्याने १८६७ मध्ये नेमका हाच आक्षेप घेतला. डार्विनने १८६८ मध्ये शरीरभरातून सूक्ष्म कण गोळा होऊन संततीत उतरतात अशी कल्पना मांडली खरी, पण ती टिकली नाही.

उत्तर ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने वाटाण्यांवर केलेल्या प्रयोगांत होते. गुण विरत नाहीत. ते तांदळात पडलेल्या मुगाच्या दाण्यासारखे अखंड राहतात आणि पुढच्या पिढीत वेगळे निघतात. हे १८६६ मध्येच छापले गेले होते, पण त्याकडे जगाचे लक्ष गेले १९०० साली. गंमत म्हणजे मेंडेलच्या पहिल्या पुरस्कर्त्यांपैकी काहींना तो डार्विनच्या विरोधातला पुरावा वाटला, कारण मेंडेलचे गुण तुटक होते आणि डार्विनचे बदल हळूहळू होणारे! रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञाने १९१८ मध्ये गणिताने दाखवले की उंचीसारखे सलग बदलणारे गुणही अशा अनेक घटकांच्या बेरजेतून येऊ शकतात. पुढे १९५७ मध्ये भारतात स्थायिक झालेल्या हाल्डेन या जीवशास्त्रज्ञाने १९२४ साली इंग्लंडच्या धुरकट औद्योगिक भागांत झपाट्याने वाढलेल्या काळ्या पतंगांचे (कीटकांचे) गणित मांडून निवडीचा जोर मोजला: त्यांचा प्रसार ज्या वेगाने झाला, त्यासाठी त्यांची संतती उरण्याचे प्रमाण फिकट पतंगांच्या सुमारे दीडपट असायला हवे.

त्यानंतरची मोठी दुरुस्ती मोटू किमुरा या जपानी आनुवंशशास्त्रज्ञाची. रेणूंच्या पातळीवरील बहुतेक बदल फायद्याचेही नसतात आणि तोट्याचेही नसतात, ते केवळ योगायोगाने पसरतात, असे त्याने १९६८ मध्ये मांडले. त्यावर बराच वाद झाला; परंतु जीवांच्या परिस्थितीशी जुळणाऱ्या रचना निवडीतूनच घडतात, हे किमुरालाही मान्य होते.